दोघांचेही ब्लड आर्टिस्ट एकदम मेले, तर आधी कोणाचे ट्रिगर?

तुझा प्रश्न आधी सगळ्यांसाठी मांडते. धरमपेठेतला रविवारचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाचा डाव. टर्न तुझी. तुझं लाइफ ३, समोरच्या मित्राचंही ३. तुझ्याकडे ब्लड आर्टिस्ट आणि आणखी दोन क्रीचर (लढणारी कार्डं), त्याच्याकडे ब्लड आर्टिस्ट आणि आणखी एक. तू रॅथ ऑफ गॉड हे सगळी क्रीचर मारणारं कार्ड टाकलंस आणि टेबलावरची पाचही क्रीचर मेली. ब्लड आर्टिस्टवर लिहिलंय की तो स्वतः किंवा दुसरं कोणतंही क्रीचर मेलं की टार्गेट केलेल्या प्लेअरचं १ लाइफ जातं आणि तुम्हाला १ मिळतं. काही घडलं की आपोआप होणाऱ्या अशा परिणामाला ट्रिगर म्हणतात. तू म्हणालास, टर्न माझी, म्हणून माझे ट्रिगर आधी, तिसऱ्या ट्रिगरला मित्र शून्यावर. मित्र म्हणाला, नाही, आधी माझे. बाजूला बसलेला तिसरा म्हणाला की सगळं एकाच वेळी झालंय, मग ड्रॉ धरा. वाद मिटेना म्हणून नाणं उडवलंत, आणि घरी जाऊन मला लिहिलंस, ‘ताई, टर्न माझी होती तर माझे ट्रिगर आधी काऊन नाही?’

मित्राचं बरोबर आहे. तो डाव तू हरला होतास. नाण्यानं काय कौल दिला ते तू लिहिलं नाहीस, पण निकाल नाण्यावर नव्हताच.

तरी तू जे बोललास त्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं खरंच तुला नडलं. टर्न ज्याची, त्याचे ट्रिगर आधी, हे खरंच आहे. पण आधी काय होतात? आधी स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या रांगेत, जातात. सुटतात मात्र शेवटी, म्हणजे त्यांचा परिणाम शेवटी होतो, यालाच रिझॉल्व्ह होणं म्हणतात. ट्रिगर होणं, तो स्टॅकवर ठेवला जाणं आणि तो रिझॉल्व्ह होणं, हे तीन वेगळे क्षण आहेत. आपण बोलताना तिन्हींना ‘ट्रिगर झाला’ म्हणून मोकळे होतो. एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींवरून जेवढी भांडणं मी टेबलावर सोडवलीत, त्यातली बहुतेक या तीन क्षणांची सरमिसळ झाल्यामुळे झालेली होती. म्हणून तुझा डाव क्षणाक्षणानं उलगडते.

रॅथ ऑफ गॉड रिझॉल्व्ह झालं. पाचही क्रीचर एकाच घटनेत मेली. यात पुढेमागे काही नाही. इथे नवे लोक पहिली शंका काढतात, की ब्लड आर्टिस्ट स्वतःच मेला तर बाकीच्यांचं मरण त्याला कसं दिसणार? दिसतं. क्रीचर टेबलावरून जाताना होणारे ट्रिगर मागे वळून बघतात, म्हणजे घटना घडण्याच्या आदल्या क्षणी टेबलावर कोण होतं ते पाहून ठरतात. त्या आदल्या क्षणी दोन्ही ब्लड आर्टिस्ट जिवंत होते, म्हणून दोघांनीही पाचही मरणं पाहिली, स्वतःचं धरून. तुझे पाच ट्रिगर, त्याचे पाच. एकूण दहा. नियमावलीत हे ६०३.१० मध्ये आहे.

हे दहाही ट्रिगर एका क्षणी झाले, पण अजून ते कुठेच नाहीत. गेमला फक्त ठाऊक आहे की हे दहा देणं आहे. ते स्टॅकवर कधी जातात? पुढच्या वेळी कोणालाही प्रायॉरिटी, म्हणजे काही खेळायची संधी, मिळायच्या अगदी आधी. आणि कसे जातात? आधी ज्याची टर्न आहे तो आपले सगळे ट्रिगर स्वतःला हव्या त्या क्रमानं ठेवतो, मग समोरचा आपले सगळे त्यांच्यावर ठेवतो. ॲक्टिव्ह प्लेअर, मग नॉन-ॲक्टिव्ह प्लेअर. खेळणारे याला एपीनॅप म्हणतात, नियम क्रमांक ६०३.३ बी. सीताबर्डीहून शेअर ऑटोत बसलास तर दाटीवाटीत जो शेवटी कडेला टेकतो तोच आधी उतरतो; स्टॅकही तसाच सुटतो, शेवटी आलेला आधी.

मी हे शिकवताना डाइस मांडून दाखवते. एक डाइस म्हणजे एक ट्रिगर. तुझे पाच केशरी डाइस एकावर एक, त्यांच्यावर मित्राचे पाच काळे. आता बोटानं वरून एकेक उचल. पहिला काळा: तुझं लाइफ २, त्याचं ४. दुसरा काळा: तुझं १, त्याचं ५. तिसरा काळा: तुझं ०, त्याचं ६. इथे गेम थांबतो, कारण प्रत्येक ट्रिगर रिझॉल्व्ह झाल्यावर पुढच्याला हात लावायच्या आधी गेम तपासणी करतो आणि ज्याचं लाइफ शून्य तो हरतो. दोन काळे आणि तुझे पाचही केशरी डाइस तसेच पडून आहेत. ते झाले होते, स्टॅकवरही गेले होते, पण त्यांची सुटायची वेळ आलीच नाही. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हे न उचललेले पाच केशरी डाइस आहेत.

मुलं हे पाहतात तेव्हा लगेच म्हणतात की मग टर्न असण्यात तोटाच आहे. इथे थोडं थांबून बघायला हवं. तोटा आहे, आणि एकच नाही. ब्लड आर्टिस्टच्या ट्रिगरला टार्गेट लागतं, आणि टार्गेट स्टॅकवर ठेवतानाच सांगावं लागतं. म्हणजे तू आपले पाच ट्रिगर कोणावर आहेत ते आधी बोलून दाखवतोस, मित्र ते ऐकून मग आपले ठरवतो. त्यात रॅथ ऑफ गॉड सॉर्सरी आहे, सहसा स्वतःच्याच टर्नला टाकता येतं. म्हणून दोन्हीकडे ब्लड आर्टिस्ट असताना रॅथ टाकणारा जवळजवळ नेहमीच खालच्या थरात अडकतो.

पण एक फायदाही आहे, आणि तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दहाही ट्रिगर स्टॅकवर रचून झाले की पहिली प्रायॉरिटी तुला मिळते. अजून एकही सुटलेला नाही. मित्र ३ वर आहे. अशा वेळी तुझ्या डेकमध्ये लाल रंग असता, हातात लाइटनिंग बोल्ट असता आणि एक लाल माना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा) शिल्लक असता, तर तो बोल्ट दहाही ट्रिगरच्या डोक्यावर बसला असता आणि सगळ्यात आधी सुटला असता. ३ डॅमेज, मित्र शून्यावर, डाव तुझा. म्हणून माझं सांगणं असतं की ट्रिगरचा डोंगर रचला गेला की ‘चला, आता सोडवून टाकू’ असं म्हणून धडाधड लाइफ लिहायला घेऊ नका. दर ट्रिगरच्या आधी दोघांनाही काही करायची संधी आहे. घाईत ती संधी आपणच बुजवून टाकतो, आणि समोरच्याचीही बुजवतो, ते तर मला अजिबात पटत नाही.

एक हिशेब आणखी करून बघ, तो मला फार आवडतो. हाच डाव, पण तुझं लाइफ ६ असतं तर? मित्राचे पाच सुटले की तू १ वर, तो ८ वर. मग तुझे पाच सुटतात: तू परत ६ वर, तो परत ३ वर. दहा ट्रिगर होऊन दोघंही जिथे होते तिथेच. म्हणजे अशा डावात रॅथ टाकायच्या आधी एकच बेरीज करायची: एकूण मरणार किती? तुझं लाइफ त्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर तू पहिल्या थरातून वाचतोस. तुझ्या डावात मरणार होती ५, लाइफ होतं ३. एक टर्न थांबायला हवं होतं.

आता तुमच्यातल्या तिसऱ्याकडे वळू. ड्रॉ म्हणणारा मुलगा अगदीच चुकलेला नाही. त्यानं दुसरीकडचा नियम इथे लावला. मॅजिकमध्ये खरोखर एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आहेत, पण त्या ट्रिगर नाहीत. वर मी ज्या तपासणीचा उल्लेख केला तिला स्टेट-बेस्ड ॲक्शन म्हणतात. प्रायॉरिटी द्यायच्या आधी गेम टेबलावर एक नजर फिरवतो: कोणाचं लाइफ शून्य किंवा कमी आहे, कोणत्या क्रीचरला मरण्याइतकं डॅमेज बसलंय, कोणाची टफनेस, म्हणजे सहनशक्ती, शून्य झाली. जे जे सापडेल ते सगळं एका झटक्यात, एकच घटना म्हणून होतं. पुन्हा नजर, पुन्हा झटका, काही उरत नाही तोपर्यंत. त्यानंतरच थांबलेले ट्रिगर स्टॅकवर जातात. तपासणी आधी, ट्रिगर मागाहून, हा क्रम कधीच बदलत नाही.

अर्थक्वेक घे. तो उडता न येणाऱ्या प्रत्येक क्रीचरला आणि प्रत्येक प्लेअरला एक्स इतकं डॅमेज देतो. तुम्ही दोघंही ३ वर आणि एक्स ३ असेल तर दोघंही एकाच तपासणीत शून्यावर सापडता, दोघंही हरता, आणि तो डाव ड्रॉ. तिसऱ्याचं म्हणणं इथे तंतोतंत लागू. आता समज, तू ३ वर, मित्र ५ वर, आणि तुझा ब्लड आर्टिस्ट टेबलावर आहे. एक्स ३. क्रीचर मरतात, ब्लड आर्टिस्टही मरतो, आणि तू म्हणतोस की ट्रिगरमधून मला लाइफ मिळेल, मी वाचेन. नाही वाचणार. ज्या तपासणीत क्रीचर मेली त्याच तपासणीत तू हरलास. ट्रिगर स्टॅकवर जायला जो पुढचा क्षण लागतो तो तुझ्यासाठी आलाच नाही.

याच्या उलट बाजूला लाइफलिंक आहे, आणि हा फरक एकदा नीट बघितला की पुन्हा विसरत नाही. फेलिडार सॉव्हरिन हे ४/६ क्रीचर, म्हणजे पॉवर ४, टफनेस ६, आणि अंगचं लाइफलिंक असलेलं, म्हणजे ते जेवढं डॅमेज देतं तेवढं लाइफ तुला. तू ३ वर आहेस. मित्र दोन क्रीचर घेऊन चालून येतो. एकाला तू सॉव्हरिननं अडवतोस, दुसरं ३ पॉवरचं सुटून तुझ्यावर येतं. डॅमेज सगळीकडे एकदम बसतं: तुझे ३ गेले आणि सॉव्हरिननं ४ डॅमेज दिलं म्हणून ४ मिळाले. लाइफलिंक हा ट्रिगर नाही, तो डॅमेजचाच भाग आहे, म्हणून तपासणी होते तेव्हा तू ४ वर उभा आहेस. आता लाइफलिंकच्या जागी ४ पॉवरच्या साध्या क्रीचरवर स्पिरिट लिंक लावलेलं असेल तर? त्यावर लिहिलंय की हे क्रीचर जेव्हा जेव्हा डॅमेज देईल तेव्हा तेवढं लाइफ मिळेल. हा ट्रिगर आहे. तपासणी आधी, तू शून्यावर, डाव संपला. आकडे तेच, निकाल उलटा. २००९ पर्यंत लाइफलिंकसुद्धा ट्रिगरच होतं. मॅजिक २०१० या संचाबरोबर ते बदललं. जुने खेळाडू कधी वेगळं सांगतात ते त्यामुळेच.

कोणतं काय आहे हे ओळखायला कार्डावरचे पहिले शब्द बघायचे. ‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘ॲट’ नं वाक्य सुरू झालं तर ट्रिगर. तो स्टॅकवर जाणार, एपीनॅप लागणार. ‘इफ’ नं सुरू होऊन पुढे ‘वुड’ आणि ‘इन्स्टेड’ आलं तर ती रिप्लेसमेंट; ती स्टॅकवर जातच नाही, घटना घडता घडताच तिला वळवते. अशा दोन रिप्लेसमेंट एकाच घटनेवर आल्या तर टर्न कोणाची हा प्रश्नच येत नाही. ज्याच्यावर किंवा ज्याच्या क्रीचरवर ती गोष्ट घडतेय, क्रम तो ठरवतो. तुझ्याकडे हार्डन्ड स्केल्स आहे, ते +१/+१ काउंटर (क्रीचरची पॉवर आणि टफनेस एकेकानं वाढवणाऱ्या खुणा) एकानं वाढवतं, आणि डबलिंग सीझन आहे, ते दुप्पट करतं. तुझ्याच एखाद्या स्पेलनं तुझ्या क्रीचरवर ३ काउंटर येणार आहेत. आधी स्केल्स लावलंस तर ४ आणि मग ८. आधी सीझन लावलंस तर ६ आणि मग ७. निवड तुझी, ८ घे आणि पुढे चल.

स्वतःचेच दोन ट्रिगर एकदम झाले तर क्रम आपल्या हातात असतो, आणि तिथे बरेच जण निष्काळजीपणा करतात. वरच्याच फेलिडार सॉव्हरिनवर आणखी एक ओळ आहे: तुमच्या अपकीपच्या, म्हणजे टर्नमधल्या सुरुवातीच्या एका टप्प्याच्या, सुरुवातीला तुमचं लाइफ ४० किंवा जास्त असेल तर तुम्ही जिंकता. कमांडर या मॅजिकच्याच प्रकारात सगळे ४० वरूनच सुरू करतात, म्हणून हे कार्ड आपल्याकडच्या टेबलांवर नेहमी दिसतं. त्याच्या जोडीला फिरेक्सियन अरेना आहे असं धर: अपकीपला एक कार्ड ओढा, १ लाइफ द्या. तू नेमका ४० वर आहेस. अपकीपला दोन्ही ट्रिगर झाले. सवयीनं अरेनाचं कार्ड आधी ओढलंस तर तू ३९ वर आलास आणि सॉव्हरिनचा ट्रिगर सुटताना पुन्हा बघतो, ४० नाहीत, काहीच होत नाही. अरेना खाली आणि सॉव्हरिन वर ठेवलास तर तू जिंकलास. दोन कार्डांची जागा बदलली, एवढंच.

असा ‘असेल तर’ मध्येच घातलेला ट्रिगर दोनदा तपासतो, होताना एकदा आणि सुटताना एकदा. तू ३९ वर असशील आणि अपकीपला १ लाइफ देणारं फाउंटन ऑफ रिन्यूअल तुझ्याकडे असेल, तरी सॉव्हरिनला काही फायदा नाही. अपकीप सुरू झाला त्या क्षणी ४० नव्हते, त्यामुळे तो ट्रिगर झालाच नाही. मागाहून ४० होऊन तो जागा होत नाही. आणि समोरच्यानं काय करावं हेही सांगते, कारण मला हे दर वेळी विचारतात. सॉव्हरिनचा ट्रिगर स्टॅकवर असताना सॉव्हरिनला मारून उपयोग नाही. ट्रिगर एकदा स्टॅकवर गेला की तो आपल्या क्रीचरवर अवलंबून राहत नाही. लाइफवर मारा करायचा. ४० वरच्या माणसाला एक लाइटनिंग बोल्ट, ३७, ट्रिगर फुकट.

एकच कार्ड सगळ्यांना काहीतरी करायला लावतं, तेव्हा पुन्हा एपीनॅप, पण वेगळ्या तऱ्हेनं. इनोसन्ट ब्लड म्हणतं की प्रत्येकानं एक क्रीचर बळी द्या. आधी टर्नवाला कोणतं ते सांगतो, मग पुढचा, आणि सगळ्यांचं सांगून झालं की सगळी एकदम जातात. निवड क्रमानं, कृती एकत्र.

ही गल्लत कुठून येते याचाही मी पुष्कळ विचार केलाय, कारण शिकवताना ते माहीत असलं की अर्धं काम होतं. दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, त्या आपल्या नागपुरात बुद्धिबळ शिकून इकडे वळलेली मुलं बरीच भेटतात. बुद्धिबळात एका वेळी एकच चाल असते आणि चाल ज्याची, हक्क त्याचा. ती मुलं हिशेबाला पक्की, पण दोन्ही बाजूंचं एकदम घडतं तेव्हा ‘चाल माझी’ हेच पकडून बसतात. फोनवर ‘मॅजिक अरेना’ या ॲपवर शिकलेल्यांची अडचण निराळी. तिथे स्वतःचे ट्रिगर आपोआप क्रमानं लावायची सोय असते, आणि ती चालू असली की फेलिडारसारखा प्रसंग आला तरी निवड करायची होती हे कळतही नाही. मी तरी सांगेन, ती सोय बंद करून महिनाभर खेळ. आणि अगदी जुन्यांचं म्हणशील तर स्टॅक हा प्रकारच १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीच्या नियमांबरोबर आला. गेम १९९३ चा आहे. मधल्या वर्षांत शिकलेला एखादा काका वेगळं सांगतो तेव्हा तो थापा मारत नसतो.

तुझा मित्र आधी यू-गि-ओ हा दुसरा कार्डांचा खेळ खेळायचा असं तू लिहिलंस, म्हणून तेही सांगून टाकते. त्याला उत्तर बरोबर आलं, पण तिथला नियम जसाच्या तसा इकडे आणू नका. तिथेही एकदम झालेले इफेक्ट चेनवर (तिथल्या स्टॅकवर) चढतात आणि उलटे सुटतात, पण चढायचा क्रम चार पायऱ्यांचा: टर्नवाल्याचे सक्तीचे, मग समोरच्याचे सक्तीचे, मग टर्नवाल्याचे ऐच्छिक, मग समोरच्याचे ऐच्छिक. मॅजिकमध्ये सक्तीचे आणि ऐच्छिक असा भेद इथे नाही. ‘मे’ लिहिलेला ट्रिगरही बाकीच्यांसारखाच स्टॅकवर जातो आणि हो की नाही ते बहुधा सुटताना ठरतं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, चौघांच्या कमांडर टेबलावर हाच प्रकार झाला तर काय. तिथे हे खरं रंगतं. टर्न तुझी, तू रॅथ टाकलंस, चौघांकडेही एकेक ब्लड आर्टिस्ट आणि आणखी एकेक क्रीचर. आठ मेली, प्रत्येकाचे आठ ट्रिगर, स्टॅकवर बत्तीस. आधी तू ठेवणार, मग तुझ्या डावीकडचा, मग समोरचा, शेवटी उजवीकडचा. म्हणजे आधी सुटणार उजवीकडच्याचे, आणि तिघांची टार्गेटं ऐकून झाल्यावर आपली सांगणारही तोच. समज तुझं लाइफ ३, डावीकडच्याचं ४, समोरच्याचं ९, आणि उजवीकडच्याचं स्वतःचं ५.

इथे उजवीकडच्यानं एक गोष्ट सांभाळायची असते. रागाच्या भरात आठही तुझ्यावर ठेवले तर तिसऱ्यालाच तू बाहेर, आणि उरलेल्या पाचांना टार्गेटच उरत नाही. टार्गेट बेकायदा झालेला ट्रिगर सुटत नाही, त्यामुळे त्यातून मिळायचं लाइफही मिळत नाही. आठातून त्याला तीनच मिळाले. म्हणून शहाणा खेळाडू मोजून वाटतो: तीन तुझ्यावर, चार डावीकडच्यावर, एक समोरच्यावर. तू जातोस, डावीकडचा जातो, समोरचा ८ वर येतो, तो स्वतः १३ वर जातो. गेम सोडून जाणाऱ्याबरोबर त्याची कार्डं तर जातातच, स्टॅकवर थांबलेले त्याचे ट्रिगरही नाहीसे होतात, म्हणून तुम्हा दोघांचे सोळा तिथेच संपले. टर्न तुझी होती तरी ती तुटत नाही. तिच्यात कोणी ॲक्टिव्ह प्लेअर नसतो, पण ती शेवटपर्यंत चालते.

उरले समोरच्याचे आठ. त्यानं आपली टार्गेटं उजवीकडच्याच्या आधी सांगून टाकलीत, आता बदलता येत नाहीत. कमी लाइफ बघून चार तुझ्यावर आणि चार डावीकडच्यावर ठेवले असतील तर आठही वाया, तो ८ वरच, आणि त्याच्यासमोर १३ वाला. आठही उजवीकडच्यावर ठेवले असतील तर उजवीकडचा ५ वर, समोरचा १६ वर, टेबल रिकामं, आणि आता दोघांपैकी पुढची टर्न कोणाची हे बघायला हरकत नाही. तुझ्यानंतर डावीकडचा होता, तो गेला, म्हणून ती समोरच्याची.